मिस्टर क्वीन: राजाचं प्रेम नक्की कुणावर होतं? (शेवटासकट चर्चा)

चांदणवेल:

आधीच सांगते, हा धागा ज्यांनी मालिका शेवटपर्यंत पाहिली आहे त्यांच्यासाठी आहे. शेवट उघड केल्याशिवाय मला जे बोलायचंय ते बोलताच येणार नाही. ज्यांना अजून पाहायची आहे त्यांनी वीस भाग संपवून मग इथे यावं. धागा कुठे पळून जात नाही.

'मिस्टर क्वीन' १२ डिसेंबर २०२० ते १४ फेब्रुवारी २०२१ या काळात दर शनिवार-रविवारी टीव्हीएन वाहिनीवर लागायची. शेवटच्या भागाला कोरियात १७.४ टक्के रेटिंग मिळालं होतं, आणि केबलवरच्या मालिकेसाठी हा आकडा फार मोठा आहे. मी ती उशिरा पाहिली, गेल्या महिन्यात, आणि संपल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. घरात कुणाशी बोलावं तर कुणी पाहिलेली नाही.

ज्यांना पाहून बराच काळ झाला त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. जांग बोंगह्वान हा आजच्या सोलमधला, राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानातला बडा आचारी. हाताला चव आहे, जिभेला हाड नाही, आणि बायकांच्या बाबतीत अगदी उथळ. एका कारस्थानात अडकतो, पळताना उंचावरून पोहण्याच्या तलावात पडतो, आणि डोळे उघडतो ते पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या, कोरियाच्या जोसॉन राजवंशाच्या राजवाड्यात. तेही किम सोयोंगच्या शरीरात. राजा छोलजोंगशी तिचं लग्न ठरलेलं, लग्न अगदी तोंडावर आलेलं. पाण्यातून आलो तर पाण्यातूनच परत जाता येईल हा त्याचा हिशेब. पण सोयोंग ज्या तळ्यात पडली होती ते तळंच थोरल्या महाराणीने उपसून कोरडं करायला लावलेलं! त्या कोरड्या तळ्याच्या काठावर नवरीच्या वेषात उभी असलेली ती व्यक्ती आणि तिचा चेहरा. तिथेच मी या मालिकेच्या प्रेमात पडले.

सोयोंग साकारणाऱ्या शिन हे-सनबद्दल किती लिहू? ती पुरुषाची नक्कल करत नाही. घागरा दोन्ही मुठींत गोळा करून ढांगा टाकत निघते आणि मागून छोई सांगगुंग, म्हणजे तिची थोरली दासी, जीव मुठीत धरून धावते. बसताना एक गुडघा वर. डोक्यावरच्या त्या भल्यामोठ्या केशभाराच्या ओझ्याने मान एका बाजूला कललेली. रागावली की आवाज पोटातून येतो. बोंगह्वानचं मूळ रूप साकारणारा चोई जिन-ह्योक पडद्यावर फारच थोडा वेळ आहे, पण त्याची बोलायची लकब तिने अशी उचललीय की मनातलं बोलणं त्याच्या आवाजात ऐकू येतं आणि ओठ तिचे हलतात तेव्हा सांधा कुठे दिसतच नाही.

आणखी एक सांगायचं राहील. कोरियन भाषेत क्रियापदाला लिंग नसतं. त्यामुळे राणी काय बोलतेय यावरून आत पुरुष आहे हे दरबाराला कळायचं काही कारण नाही. खटकतं ते बोलण्याची पायरी सोडणं, रस्त्यावरची भाषा वापरणं. हेच मराठीत करायचं म्हटलं तर पहिल्या वाक्यालाच पेच. राणी शुद्धीवर येऊन "मी कुठे आलो?" म्हणाली की सगळा राजवाडा गोळा होणार. लिहितानाही माझा तोच पेच झालाय. सोयोंगच्या शरीरातल्या बोंगह्वानला तो म्हणू की ती? चाहते त्या व्यक्तीला 'सोबोंग' म्हणतात, दोन्ही नावं जोडून. मी तेच वापरते.

आता मुद्द्यावर येते.

राजा दिवसा भोळसट, कुणीही हलवावं असा. रात्री मात्र तलवार घेऊन बाहेर पडणारा, सुधारणांची स्वप्नं पाहणारा. त्याचा दरबारात कुणावरच विश्वास नाही आणि राणी तर शत्रूच्या घराण्यातली. त्याला पहिल्यांदा मोकळं हसू येतं ते सोबोंगमुळे. सोबोंगच्या तोंडचे अगम्य शब्द तो टिपून ठेवायला लागतो आणि चक्क कोश तयार करतो. 'नो टच' हा त्यातला पहिल्या मानाचा शब्द. राजा एकटाच बसून एखाद्या संस्कृत ग्रंथाचा अर्थ लावावा तसा त्या शब्दांचा अर्थ लावतो. समोरच्याची भाषा शिकावीशी वाटणं यापेक्षा प्रेमाची मोठी खूण मला माहीत नाही. ती भाषा सोयोंगची नव्हती. ती बोंगह्वानची होती.

आणि विसाव्या भागात काय होतं? बोंगह्वान सोलच्या रुग्णालयात जागा होतो. सोयोंगला तिचं शरीर परत मिळतं. छोलजोंग मोठा राजा झाला असं तो पुस्तकात वाचतो. राजाच्या शेजारी मऊ बोलणारी, शालीन, गरोदर राणी. सगळं नीटनेटकं, जागच्या जागी.

पण ज्या व्यक्तीसाठी त्याने कोश लिहिला ती गेली आणि त्याला ते कुणी सांगितलंसुद्धा नाही! एकोणीस भाग या मालिकेने धीटपणे एकच गोष्ट सांगितली, की माणूस शरीरात कमी आणि बोलण्या-वागण्यात, ताटात वाढलेल्या घासात जास्त असतो. शेवटच्या तासाभरात तिचा धीर सुटला. राजाने त्या व्यक्तीचा शोध घ्यायला हवा होता, निदान "तू कोण होतास?" एवढं तरी विचारायला हवं होतं. मला या शेवटाचं मनापासून वाईट वाटलं.

तुम्हाला काय वाटलं?

—

दुपारचा_चहा:

अनुमोदन, अगदी शब्दाशब्दाला. मी शेवटचा भाग संपल्यावर अर्धा तास तशीच बसून होते, पुढचं काही लावलंच नाही.

छोई सांगगुंगचं काम करणाऱ्या छा छोंग-ह्वाचं नाव घ्यायला हवं. राणीमागे धावताना तिचा श्वास लागतो, ओठ थरथरतात, पण डोळ्यांत पोरीबद्दलची माया सतत दिसते. सोयोंगला तिने लहानाची मोठी होताना पाहिलंय. आपली पोर बदललीय हे सगळ्यात आधी तिला कळतं आणि तरी ती तिची पाठ सोडत नाही.

एक मात्र खटकलं. सुरुवातीच्या भागांत बोंगह्वान दासींकडे ज्या नजरेने बघतो ते विनोद म्हणून दाखवलंय. त्या मुली हसत नसतात. नंतर त्याला बाईच्या जन्माचे भोग कळतात आणि तो बदलतो हे मान्य, पण मला तो भाग पुढे ढकलावा लागला.

—

भवानीपेठ:

चांदणवेल, फार छान लिहिलंस, पण मी पूर्ण विरुद्ध बाजूला आहे.

तुझ्या अख्ख्या लेखात सोयोंग कुठेय? एक शरीर म्हणूनच आलीय. ती तळ्यात 'पडली' असं तू लिहिलंस. ती पडली नव्हती, तिने उडी मारली होती. ज्याच्यासाठी लहानपणापासून जीव टाकला तो राजा तिच्याकडे शत्रूची मुलगी म्हणून बघतो, घरचे तिला प्यादं म्हणून वापरतात, राजाचं मन त्याची उपराणी होणाऱ्या ह्वाजिनमध्ये गुंतलेलं. या सगळ्याला कंटाळून वीस-बावीस वर्षांच्या मुलीने जीव द्यायचं ठरवलं. आणि आपण तिच्या मरणाच्या दारातून आलेल्या आचाऱ्याच्या गमतीजमती पाहत हसतो.

आता विहिरीचा प्रसंग आठव. लहानपणी घरावर संकट आलं तेव्हा छोलजोंग विहिरीत लपला होता आणि एका मुलीने त्याला धीर दिला होता. ती ह्वाजिन होती अशा समजुतीवर त्याने सगळं आयुष्य बेतलं. प्रत्यक्षात ती सोयोंग होती. म्हणजे राजाच्या प्रेमाचं मूळच सोयोंगपाशी आहे. तिचं श्रेय एकदा ह्वाजिनने घेतलं. दुसऱ्यांदा बोंगह्वानने घ्यावं असं तुझं म्हणणं आहे का?

आणखी एक. मधल्या भागांपासून सोयोंगच्या आठवणी सोबोंगमध्ये उतरायला लागतात. राजासाठी काळीज हलतं तेव्हा बोंगह्वान स्वतःच चक्रावतो, हे मला का होतंय म्हणून. कारण ते दोघांचं मिळून होतंय. तू 'ती भाषा बोंगह्वानची होती' म्हणतेस. शब्द त्याचे असतील. राजाच्या जवळ राहायची ओढ कुणाची होती?

मला शेवट न्याय्य वाटला. मरायला निघालेल्या मुलीला तिचं आयुष्य परत मिळालं, तेही आधीपेक्षा चांगलं.

—

उखाणा:

वर वाचताना एक गंमत लक्षात आली. चांदणवेलच्या बाजूचे लोक 'तो' लिहितायत आणि भवानीपेठ 'ती'. मराठीत मधलं काही वापरताच येत नाही, त्यामुळे सर्वनाम निवडलं की बाजू ठरते.

आपल्याकडे बालगंधर्वांची परंपरा आहे. पुरुषाने बाई इतकी तन्मयतेने उभी केली की घरंदाज बायका त्यांच्या लुगड्याची, दागिन्यांची तऱ्हा उचलायच्या असं आजीकडून ऐकलंय. इथे त्याच्यावर आणखी एक घडी आहे. एक स्त्री, बाईच्या शरीरात अडकलेला पुरुष दाखवतेय, आणि तो पुरुष पुढे हळूहळू राणी व्हायला शिकतोय. शेवटच्या भागात तीच नटी मूळ सोयोंग म्हणून येते तेव्हा फक्त मान आणि हात यांच्यावरून कळतं की माणूस बदललाय. हात पोटाशी एकमेकांत घेतलेले, नजर खाली. मी तो प्रसंग आवाज बंद करून पाहिला. तरीही कळतं.

—

मांडवीकाठ:

मी गोव्यातली, आणि स्वयंपाकघरासाठी ही मालिका पाहिली. तुम्ही प्रेमाचं बोला, मी चुलीचं बोलते.

राजवाड्यातल्या स्वयंपाकघराला 'सुराकान' म्हणतात, 'सुरा' म्हणजे राजाचं जेवण. ना ओव्हन, ना फ्रीज, जाळ कमी-जास्त करायचा तो कोळसा सारून. तरी बोंगह्वानच्या हाताला तिथे पहिल्या दिवसापासून ओळख पटते. मनाने कुठेही हरवलेला असो, सुरी हातात आली की तो शांत होतो. मोठ्या महाराणीला, म्हणजे बे जोंग-ओकला, तो जिभेच्या वाटेने जिंकतो. ती पहिला घास घेते तेव्हा चेहरा आवरून धरते आणि डोळे मात्र फसवतात.

बारीक गोष्ट, पण मला फार जवळची वाटली. कोरियाचं जेवण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल रंग येतो, आणि ती मिरची तिकडे सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे, १५९२ ला जपानने स्वारी केली त्या सुमारास पोचली असं सर्वसाधारणपणे मानतात. आमच्याकडे ती पोर्तुगीज गलबतांतून त्याच शतकात उतरली. म्हणजे माझी पणजी वाटणात वाटायची ती मिरची आणि गोचुजांग या कोरियन तिखट लगद्यातली मिरची, दोघी एकाच समुद्रप्रवासाच्या नात्यातल्या. आता सोबोंग मसाल्याची बरणी उघडून हुंगते तेव्हा मला परक्या देशात असल्यासारखं वाटत नाही.

शेवटाबद्दल: मी चांदणवेलच्या बाजूने. माणूस गेल्यावर त्याच्या हातची चवही जाते. राजाला ते जेवताना कळायला हवं होतं. कळलं नाही याचं मला जास्त दुःख झालं.

—

शिलालेख:

प्रेमकथेच्या चर्चेत इतिहास आणतोय, पण तो या शेवटाच्या अर्थाशी जोडलेला आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

छोलजोंग (१८३१–१८६४) खरा राजा होता, जोसॉनचा पंचविसावा. घराण्यावर राजद्रोहाचा ठपका. १८४४ च्या एका कटात थोरल्या भावाचा जीव गेला आणि हा गांगह्वा बेटावर हद्दपारीत शेतकऱ्यासारखा राहिला. १८४९ साली आधीचा राजा निपुत्रिक वारला, तेव्हा सुनवॉन महाराणीने (मालिकेतली थोरली महाराणी) याला बेटावरून आणून गादीवर बसवलं. वय जेमतेम अठरा. लोक त्याला 'गांगह्वाचा पोरगा' म्हणत. १८५१ मध्ये आनदोंग किम घराण्यातल्या मुलीशी लग्न, म्हणजे सासरही सत्ता चालवणाऱ्यांचंच.

मालिकेत गावकऱ्यांच्या हालाचे प्रसंग येतात, ते वाढवून सांगितलेले नाहीत. सैन्यात न जाण्याच्या बदल्यात कापडाच्या रूपाने कर द्यावा लागे आणि अधिकारी तो मेलेल्या माणसाच्या नावावरही लावत, पाळण्यातल्या पोराच्या नावावरही. दुष्काळात मदत म्हणून द्यायचं धान्य जबरदस्तीने कर्जाऊ देऊन व्याजासकट वसूल करत. १८६२ मध्ये जिंजूपासून शेतकऱ्यांचे उठाव पेटले. छोए जेउने दोंगहाक पंथ काढला तो १८६०, याच राजाच्या काळात. छोलजोंगने सुधारणांसाठी एक कचेरी नेमली, पण ती फार काळ टिकली नाही, आणि तो स्वतः बत्तिसाव्या वर्षी गेला. मालिकेतला देखणा, तलवारबाज, जिंकणारा राजा हे त्याच्या आयुष्यात न झालेलं सगळं आहे. मला ते पटतं. ज्या राजाला कधी राज्य करूच दिलं नाही त्याला कुणीतरी वीस भाग दिले.

मात्र एका गोष्टीवर कोरियन प्रेक्षक रागावले आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. सुरुवातीच्या भागात बोंगह्वान राजाला प्रत्यक्ष बघून म्हणतो की 'जोसॉन राजवंशाच्या नोंदी' म्हणजे नुसत्या बाजारगप्पा आहेत. या नोंदींना 'सिल्लोक' म्हणतात. पहिल्या राजापासून छोलजोंगपर्यंत ४७२ वर्षांच्या त्या नोंदी, १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत. आपल्याकडे बखरीवर शंका घ्यायची सवय आहे, कारण बखरी बहुतेक नंतर आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिल्या गेल्या. सिल्लोकची रीत वेगळी. राजा वारल्यावर त्याच्या काळातल्या रोजच्या टिपणांवरून ते रचायचे आणि गादीवर बसलेल्या राजाला ती टिपणं बघायची मुभा नसायची. राजा तेजोंग १४०४ मध्ये शिकारीत घोड्यावरून पडला आणि म्हणाला, हे लेखनिकाला कळू देऊ नका. ते वाक्यही नोंदलं गेलं!

वाहिनीने माफी मागून ते वाक्य काढून टाकलं. खऱ्या घराण्याच्या वंशजांनीही आक्षेप घेतला होता, तेव्हा मालिकेतली घराण्यांची नावं बदलावी लागली. आणि योग असा की कोरियन अभ्यासक ज्याला अस्सल सिल्लोक मानतात तो याच राजापाशी संपतो. पुढच्या दोन राजांच्या नोंदी जपानी अमलाखाली तयार झाल्या म्हणून त्या या मोजणीत धरत नाहीत.

—

चांदणवेल:

शिलालेख, हे सगळं इतकं नीट सांगितल्याबद्दल आभार. मेलेल्या माणसाच्या नावावर कर हे वाचून मी फोन खाली ठेवला.

भवानीपेठ, तुझ्या प्रश्नाला टाळत नाही. 'पडली' हा शब्द माझ्याकडून चुकला, आणि तो चुकला यातच तुझं म्हणणं सिद्ध होतं. पण तुझी बाजू मान्य केली तर माझा राग वाढतो, कमी होत नाही. सोयोंगच्या बाजूनेच बघ. ती शुद्धीवर येते तेव्हा पोटात मूल आहे. ज्या रात्री ते राहिलं त्या रात्री निर्णय घेणारं मन तिचं एकटीचं नव्हतं. नवरा तिच्याकडे प्रेमाने बघतो आणि तिला कळत नाही की तो कुणाकडे बघतोय. या बाईला किती प्रश्न पडले असतील! तिला ते विचारायला मालिकेने पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीत. मला बोंगह्वानसाठी वाईट वाटलं होतं, आता दोघांसाठी वाटतंय.

म्हणजे माझी तक्रार तीच आहे, फक्त मोठी झालीय. राजाला खरं सांगायला हवं होतं. त्याने सोयोंगला नव्याने ओळखावं, तिच्या शब्दांचाही कोश सुरू करावा. मग मी हाच शेवट आनंदाने मान्य केला असता.

—

भवानीपेठ:

हे मात्र पटलं. "तिच्या शब्दांचाही कोश." हे लेखकांना सुचायला हवं होतं.

—

रानजाई:

मला विचारायचं होतं, 'बॉन अ‍ॅपेटिट, युअर मॅजेस्टी' पाहिलीय का कुणी? २०२५ ची, बारा भागांची, इम युन-आची. तीही आचारी आणि तीही जोसॉनमध्ये जाते, पण स्वतःच्या शरीरासकट. तिथे हा घोळ नाही, राजाला ठाऊक असतं समोर कोण आहे. शेवटी राजा आजच्या काळात येऊन उभा राहतो आणि कसा आला ते काही सांगत नाहीत. मला त्याचं काहीच वाटलं नाही, भेटले ना, पुरे. मिस्टर क्वीनच्या शेवटी सगळं समजावून सांगितलेलं आहे आणि तरी जीव शांत होत नाही.

—

दुपारचा_चहा:

रानजाई, अगदी हेच. मी ती दोनदा पाहिली. कालप्रवासाचं गणित सुटलं नाही तरी चालतं, माणसांचं सुटायला हवं.

—

हानगांगचा_वारा:

मी नोकरीसाठी सहा वर्षं सुवॉनला आहे. बायको ही मालिका बघत होती, मी येता-जाता बघत होतो आणि मग दोघेही बसलो. ती संपल्यावर आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो. इथे सांगण्यासारखं आहे म्हणून पहिल्यांदाच लिहितोय.

पहिलं गांगह्वा. गावात 'योंगहुंगगुंग' नावाचं घर आहे. छोलजोंग राजा व्हायच्या आधी तिथे राहायचा. तेव्हाचं घर गवताने शाकारलेलं, साधं. तो गादीवर आल्यावर १८५३ मध्ये तिथल्या अधिकाऱ्याने ते पाडून कौलारू बांधलं. आवारात एक कोरीव दगड आहे, राजाचं जुनं घर इथे होतं असं सांगणारा. आजूबाजूला साधी वस्ती. मोठा राजवाडा बघायला जावं तर निराशा होईल, आम्हाला मात्र बरं वाटलं. इतक्या छोट्या अंगणातून उचलून कुणी एकदम सिंहासनावर नेऊन ठेवलं तर मुलगा किती भेदरला असेल, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

दुसरं ठिकाण सोलच्या वायव्येला, गोयांगमधलं सोसामनुंग. शेजारी घोड्यांचं मोठं कुरण आहे, त्यामुळे वाट हिरवीगार. तिथे छोलजोंगची समाधी आहे, तिचं नाव येरुंग. वर चढायला मनाई, खालच्या पूजेच्या मंडपापासूनच पाहायचं. गवताने झाकलेले दोन उंचवटे, शेजारी शेजारी. एक राजाचा, दुसरा राणी छोरिनचा.

कोरियन भाषेत मालिकेचं नावच 'राणी छोरिन' आहे. पण छोरिन हे तिचं नाव नव्हे, ती मेल्यावर दिलेली पदवी. खरं नाव इतिहासात नाही. बापाचं आहे, किम मुनगुन. कुळाचं आहे. सोयोंग हे नाव मालिकेने दिलं. नवरा गेल्यावर ती चौदा वर्षं जगली, १८७८ पर्यंत. १८५८ मध्ये तिला एक मुलगा झाला होता, वर्षाच्या आतच गेला. शेवटच्या भागात राणी पोटावर हात ठेवून बसलेली दिसते, तेव्हा बायकोला ही गोष्ट माहीत नव्हती. तिथल्या फलकापाशी उभं राहून मी मोबाईलवर वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही.

राजाचं एक खरं चित्रही उरलंय, १८६१ चं, सैनिकी वेषातलं. कोरियन युद्धाच्या वेळी राजघराण्याच्या वस्तू बुसानला हलवल्या होत्या. १९५४ मध्ये तिथे आग लागली आणि चित्राचा सुमारे एक तृतीयांश भाग जळाला. चेहरा बराचसा वाचलाय. नेटवर मिळेल, नक्की बघा. नटासारखा मुळीच नाही, पण डोळे लक्षात राहतात.

तुमच्या वादात माझं मत एवढंच, की बायको भवानीपेठ यांच्या बाजूची आहे.

—

भवानीपेठ:

दादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा. नाव नाही हे मला माहीत नव्हतं.

—

चांदणवेल:

हानगांगचा_वारा, तुम्ही लिहिलंत ते मी रात्री वाचलं आणि पहिला भाग पुन्हा लावला.

बोंगह्वान तलावात बुडतो तो प्रसंग. पाण्याखाली त्याला एक बाई दिसते, जुन्या वेषातली, कपडे पाण्यात पसरलेले. ती त्याच्याकडे येते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याच्याकडे बघत होते, हा आता कुठे पोचणार म्हणून. या वेळी थांबवून थांबवून तिच्याकडे पाहिलं. ती घाबरलेली नाही. आणि जवळ तीच येते, तो नाही.

राजाला सांगायला हवं होतं हे माझं म्हणणं कायम आहे. पण 'शरीर' म्हणून जे मी वर लिहिलं होतं ते आता मला लिहिता येणार नाही. संपादनाची मुदत संपलीय, नाहीतर बदललं असतं. भवानीपेठ, तू विचारलं होतंस सोयोंग कुठेय, तर ती पहिल्या भागात अशी समोरच आहे.

चित्र शोधलं. डोळे खरंच लक्षात राहतात.

—

मांडवीकाठ:

त्या समाधीपाशी पूजेला काय काय मांडतात, ताटं असतात का? कधी त्या दिवशी गेलात तर इथे लिहा.

—

हानगांगचा_वारा:

हो, वर्षातून एकदा घराण्याचे लोक येऊन विधी करतात आणि ताटं मांडतात. आम्ही गेलो तेव्हा मंडप रिकामा होता. तो दिवस साधून जाऊ आणि मांडणी कशी असते ते बघून लिहितो.